नवा अल्बम: वर्गणीत ऐकावा की विकत घ्यावा?

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस, कॅसेट-सीडीचं जुनं दुकान, २०१६ मध्ये बंद झालं. तेव्हापासून नवा अल्बम घ्यायचा म्हणजे कसा, हा विषय आमच्या मित्रांत अधूनमधून निघतोच. स्ट्रीमिंग अ‍ॅपची वर्गणी भरावी, की बँडकॅम्पवरून, म्हणजे कलाकार आपलं संगीत थेट विकतात त्या साइटवरून, फाइल विकत घ्यावी? मी दोन्ही करून पाहिलंय.

फक्त हिप-हॉप ऐकत असाल तर वर्गणी पुरेशी आहे. केंड्रिक लमारचा ‘जीएनएक्स’ २२ नोव्हेंबर २०२४ ला काहीही न सांगता-सवरता आला आणि त्याच रात्री आम्ही सगळ्यांनी ऐकलासुद्धा. ती मजा विकत घेत बसण्यात नाही. इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या जेमी एक्सएक्सचा ‘इन वेव्ह्ज’ही मी अ‍ॅपवरच ऐकतो. त्याच्या आधीच्या ‘इन कलर’नंतर नऊ वर्षांनी आलेला अल्बम, पण माझी त्यातली तीन-चार गाणी ठरलेली आहेत, ती लावली की झालं.

इंडीचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र बँडांचा, हिशोब वेगळा. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा ‘बीटा’ २०२४ चा. असा बँड आवडला तर पैसे थेट त्यांच्याकडे जावेत असं मला मनापासून वाटतं. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के कापतं आणि ठरावीक शुक्रवारी तेही सोडून देतं. मी खरेदी त्या शुक्रवारांसाठी राखून ठेवतो.

माझा निर्णय मात्र हेवी मेटलने केला. डेन्व्हरच्या ब्लड इन्कँटेशन या बँडचा ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’ म्हणजे दोनच रचना, ‘द स्टारगेट’ आणि ‘द मेसेज’. सगळं मिळून पाऊण तासाच्या आत. डिजिटलवर प्रत्येकीचे तीन तुकडे केलेत. ‘स्टारगेट’च्या मधल्या तुकड्यात टँजरिन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडच्या थॉर्स्टन क्वेशनिंगचे सिंथ (सिंथेसायझर) आहेत. विरार फास्टमध्ये खिडकीशी जागा मिळाली होती, गाडी भाईंदरच्या खाडीपुलावर होती, मी डोळे मिटून ऐकत होतो. पहिला तुकडा संपला, बारीकशी शांतता, मग दुसरा सुरू. अर्धा सेकंदही नसेल, पण चालत्या तालात पायाखालची फळी निसटावी तसं झालं. गाणी आधी डाउनलोड केलेली होती, म्हणजे नेटवर्कचा प्रश्न नव्हता. सेटिंग उलटसुलट करून पाहिलं, हेडफोन बदलले. पुढच्या जोडावर पुन्हा तेच. दोष माझ्या फोनचाही असू शकेल, तुमच्याकडे कदाचित होणारही नाही. पण एकदा कानाला तो खड्डा कळला की त्याच्या आधीची दहा सेकंदं आपण त्याचीच वाट बघत बसतो.

शेवटी बँडकॅम्पवरून फ्लॅक फाइल (आवाजाचा दर्जा न घटवणारी) विकत घेतली आणि एका साध्या प्लेअरमध्ये टाकली. जोड गेला. सिंथ आत कधी शिरले ते कळलंच नाही.

विकत घेण्यात कटकट आहे, ती सांगायला हवी. किंमत बहुधा डॉलर-पौंडात असते, त्यामुळे कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्यावा लागतो. फाइल संगणकावरून फोनवर न्यायच्या, फोनची जागाही भरते. शिवाय मोठ्या कंपन्यांचे बरेच अल्बम बँडकॅम्पवर मिळत नाहीत. म्हणून वर्गणी मीही सोडलेली नाही. नवं काय आलंय ते अ‍ॅपवर चाळतो, आणि जो अल्बम तिसऱ्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावासा वाटतो तो घेतो.

तुम्ही आज ठरवणार असाल तर एकच करून बघा. सलग वाजणारा एखादा अल्बम अ‍ॅपवर लावा, आणि दोन तुकड्यांच्या जोडापाशी कान द्या.