कंपनीचं गेट की शेठची ओम्नी? इलेक्ट्रिशियनच्या पहिल्या वर्षाबद्दल

दर वर्षी आयटीआयचा निकाल लागला की ओळखीतलं एखादं पोरगं विचारतंच, "दादा, कंपनीत अप्रेंटिस लागू की एखाद्या शेठकडे वायरिंगला जाऊ?" मी दोन्ही केलंय. 2021 ला नाशिकच्या सातपूरला इलेक्ट्रिशियन ट्रेड पूर्ण केला, मग आठ महिने एका वायरिंग कॉन्ट्रॅक्टरकडे काढले आणि त्यानंतर वर्षभर अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला अप्रेंटिस होतो. क्रम उलटा झाला खरा, पण तो नाइलाजाने. अप्रेंटिसच्या पोर्टलवर नोंदणी करून ठेवली होती, बोलावणं कुठूनच येईना आणि घरी रिकामं बसवेना.

पैशाचं आधी उरकून टाकू. 2019 च्या नियमांप्रमाणे आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान 7,000 रुपये विद्यावेतन होतं. आमची कंपनी त्याहून थोडं जास्त द्यायची, शिवाय कँटीनचं जेवण नावापुरत्या पैशात. शेठ 400 रुपये हजेरी द्यायचा. खाडा न करता महिन्याचे पंचवीस दिवस भरले तर दहा हजार, म्हणजे कागदावर शेठ वरचढ. पण बिल्डरने बिल अडवलं, स्लॅब पुढे गेला, पाऊस लागून राहिला, की "शनिवारी बघू." त्यात मधल्या उचली. माझं नेमकं किती येणं आहे हे त्या आठ महिन्यांत मला एकदाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. तरीही पैशावरून ठरवू नका. दोन्हीकडे ते इतके थोडे आहेत की फरकात महिन्याचं पेट्रोलही धड भागत नाही.

हात मात्र शेठकडे लवकर बसतो, हे मानायलाच हवं. पहिला महिना नुसत्या झिऱ्या मारण्यात, म्हणजे पाइपासाठी भिंतीत खाचा पाडण्यात गेला, घरी आलो की भुवयासुद्धा पांढऱ्या. दुसऱ्या महिन्यापासून वायर ओढायला लागलो. वीस एमएमच्या पाइपातून जीआय तार घालायची. तिच्या टोकाला तिन्ही वायरी एकाच जागी न बांधता मागेपुढे बांधायच्या, कारण एकाच जागी जाड गाठ झाली की ती पहिल्याच बेंडला अडकते. वरून टेप तंग गुंडाळायची. मग इकडून एकाने ओढायचं, तिकडून दुसऱ्याने वायर भरवायची, आणि दोघांचा दम एकाच वेळी लागला पाहिजे. नुसतं ओढणाऱ्याने जोर केला तर वायर येते, पण इन्सुलेशन खरवडून येते. जिन्याचा टू-वे, म्हणजे एक दिवा खालून-वरून दोन्हीकडून चालू-बंद करायची जोडणी, तर इतक्या वेळा जोडला की आजही लाइट नसताना चाचपडत जोडेन.

याउलट कंपनीत पहिले चार महिने मी माणसांच्या पाठी बघितल्या. ब्रेकडाउन आला की पॅनेलसमोर सीनियर टेक्निशियन, त्याच्यामागे दुसरा, त्याच्या खांद्याआडून सुपरवायझर, आणि सगळ्यांच्या मागे हात लांब करून बॅटरी धरलेला मी. पण त्या पाठींच्या फटीतूनही काही गोष्टी दिसल्या. कंप्रेसरची मोटर रिवाइंड होऊन आली होती. स्टारला, म्हणजे मोटर सुरू करतानाच्या जोडणीवर, छान उचलायची. डेल्टाला, म्हणजे पुढे चालवायच्या जोडणीवर गेली की ट्रिप. एकाने ओव्हरलोड रिलेवर संशय घेतला, दुसऱ्याने टायमर बदलून पाहिला. आमच्याकडे एक जुने टेक्निशियन होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते स्टुलावर बसून शांतपणे ड्रॉइंग बघत होते. मग म्हणाले, टर्मिनल बॉक्स खोला. वाइंडिंगच्या सहा टोकांपैकी शेवटाकडची दोन एकमेकांच्या जागी गेली होती. स्टारमध्ये शेवटाची तिन्ही टोकं एकत्रच बांधली जातात, त्यामुळे तिथे ही चूक खपून जाते आणि डेल्टात उघडी पडते. शेठकडे मी दहा वर्षं राहिलो असतो तरी हे मला दिसलं नसतं, असं आपलं मला वाटतं. तिथे ड्रॉइंग नावाची वस्तूच नव्हती. पाइप कुठून गेलाय ते शेठच्या डोक्यात, आणि शेठचा फोन बंद.

पण शेठकडचं काम मला नकोसं झालं ते एका हाकेमुळे. "लाइन बंद आहे का रे?"

पाथर्डी फाट्याजवळ पाच मजली इमारत होती, लिफ्ट बसायची होती. तळमजल्यावर टेम्पररी बोर्ड. वरच्या मजल्यांना दिव्यांपुरती लाइन तिथूनच आणि फरशीवाला, प्लंबर, सुतार यांची मशीनंही त्यावरच. प्लग कुणाच्याच वायरीला नाही. उघडी टोकं सॉकेटात खोचायची, वर आगपेटीची काडी. मी चौथ्या मजल्यावर जॉइंट मारायला बसण्याआधी खाली जाऊन, सगळ्यांना सांगून एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा लाइन तोडणारा खटका, पाडायचो. पण मला चढून अर्धा तास झाला की खालचं माणूस बदललेलं असायचं. नव्या माणसाचा कटर चालेना, बोर्डावर बघावं तर एमसीबी खाली. पडलेला एमसीबी वर करायचा एवढं कुणालाही येतं. वरून हाक मारली तर "हो, बंद!" असं कुणीतरी बोर्डाकडे न बघताच ओरडायचं. म्हणून दिवसातून दहा-बारा वेळा चार मजले उतरा, बघा, चढा. एमसीबीवर टेप मारली, ती सोलली गेली. पुठ्ठ्यावर 'काम चालू आहे' लिहून लटकवलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच पुठ्ठ्यावर फरशीवाला पांढरं सिमेंट कालवत होता.

एकदा शॉक बसलाच. घोडीवरून खाली आलो, कोपर सोललं, तेवढ्यावर निभावलं. बोर्डावर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की लाइन तोडणारा खटका, असती तर तिने क्षणात तोडलं असतं. शेठच्या मते टेम्पररीला ती चैन होती. गंमत म्हणजे शॉक मी विसरलो, ते जिने अजून गुडघ्यात आहेत.

कंपनीत दुसऱ्या आठवड्यात माझ्या हातात लाल कुलूप ठेवलं, टॅगवर माझं नाव आणि फोटो. आयसोलेटर (मशीनची लाइन तोडणारा मुख्य स्विच) पाडायचा, कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात. सहा माणसं कामावर असतील तर एका हॅस्पला, म्हणजे अनेक कुलपं बसणाऱ्या कडीला, सहा कुलपं. शेवटचं निघेपर्यंत मॅनेजरलाही मशीन चालू करता येत नाही. एवढं करूनही मामा मीटर आधी चालू लाइनवर तपासायचे, मग बंद लाइनवर लावायचे आणि परत चालूवर नेऊन मीटर मेला नाही ना याची खात्री करायचे. किल्ली खिशात टाकून पहिल्यांदा पॅनेलमध्ये हात घातला, तेव्हा कान खालच्या मजल्याकडे लागलेले नव्हते.

कंपनीचं सगळं गोडच आहे असं नाही. 1961 च्या कायद्याप्रमाणे अप्रेंटिस हा शिकाऊ, कामगार नव्हे, आणि वर्ष संपल्यावर नोकरीत घेतलंच पाहिजे असं बंधन कंपनीवर नाही. आमच्या अकराजणांतले दोघे राहिले. बाकीच्यांच्या हातात परीक्षेनंतरचं एनएसी, म्हणजे राष्ट्रीय अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र. ते अर्जातल्या रकान्यात भरता येतं, हेही काही कमी नाही. शिवाय करार करण्याआधी विचारून घ्या, मेंटेनन्सला टाकणार की प्रॉडक्शन लाइनवर? माझा एक मित्र 'इलेक्ट्रिशियन' म्हणून लागला आणि वर्षभर असेंब्लीत स्क्रू आवळत राहिला. तसं असेल तर सरळ शेठकडे जा, निदान वायर तरी हाताळाल.

आणि ज्याला पुढे स्वतःची घरगुती कामं घ्यायची आहेत, त्याला शेठशिवाय गत्यंतर नाही. गिऱ्हाइकाशी बोलणं, पॉइंटचा भाव, कुठल्या दुकानातून उधारीवर माल मिळतो, हे कंपनीत कोण शिकवणार? आता 2027 चा सिंहस्थ आहे, तात्पुरत्या लाइटिंगची कामं निघाली की शेठ मंडळींना पोरं पुरत नाहीत, हजेरीही वाढवून मिळते. मोह होणारच. माझं विचाराल, आणि हे माझ्यापुरतंच, तर आधी कंपनीचं वर्ष काढावं. साइट कुठे पळून जात नाही. माझ्यासारखं उलट केलं तरी चालतं, फक्त गुडघे आधी झिजतात.

सध्या मी स्वतःच छोटी कामं घेतो. पिशवीत पक्कड, टेस्टर, मीटर आणि एमसीबीला लावायची क्लिप नि कुलूप. परवा इंदिरानगरच्या साइटवर फरशीवाला तीन मजले चढून वर आला.

"खाली कुलूप कुणाचं?"

"माझं."

"किल्ली?"

मी खिशावर हात मारला. त्याने जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि तिथेच पायरीवर बसून तंबाखू मळायला घेतली.