पुटी की विंडोजमधलंच एसएसएच?

एडब्ल्यूएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर, नवीन की-पेअर (सर्व्हरमध्ये शिरायची डिजिटल किल्ली) बनवताना एक प्रश्न येतो: पेम फाइल हवी का पीपीके? बरेच जण जे आधीच टिक केलेलं असेल तेच ठेवून पुढे जातात, पण सर्व्हरला कशाने जोडायचं हे खरं तिथंच ठरतं. पीपीके म्हणजे पुटी, विंडोजवरून दूरच्या सर्व्हरला जोडून देणारा प्रोग्राम. पेम म्हणजे ओपनएसएसएच (तेच काम कमांड टाइप करून करणारं), जे २०१८ पासून विंडोज १० मध्ये आयतंच मिळतं. मी बरीच वर्षं पुटी वापरलं, आता दुसरं वापरतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत दोघांत डावं-उजवं करण्यासारखं फारसं नाही. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. पुटीच्या ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांत पी-५२१ प्रकारच्या की वापरताना दोष होता. त्या कीने केलेल्या साठेक डिजिटल सह्या कुणाच्या हाती लागल्या तर त्यावरून खासगी की काढता येत होती. एप्रिल २०२४ मध्ये ०.८१ ने तो दुरुस्त केला, पण आधी वापरलेली की बादच करावी लागते. आणि पुटी आपणहून अपडेट होत नाही. कुणीतरी कधीतरी डेस्कटॉपवर टाकलेली पुटीची एक्झी तिथंच पडून असते. तुमची कुठली आहे, एकदा बघून घ्या.

माझं मन उडालं ते वेगळ्याच कारणाने. टेस्टिंगचा सर्व्हर रात्री बंद करायचा, सकाळी चालू करायचा. इलॅस्टिक आयपी (एडब्ल्यूएसवरचा न बदलणारा पत्ता) घेतलेला नसेल तर रोज नवा आयपी. पुटीत मग रोजचा सोपस्कार: यादीत सेशनवर एक क्लिक, लोड, आयपी बदला, सेव्ह, मग ओपन. लोड करायच्या ऐवजी डबल-क्लिक झालं की स्वारी निघाली जुन्या आयपीवर. की किंवा कीप-अलाइव्ह (कनेक्शन तुटू नये म्हणूनची सेटिंग) बदलायचं तर डावीकडच्या झाडात खोल शिरायचं आणि पुन्हा वर सेशनवर येऊन सेव्ह दाबायचं. ते राहिलं तर बदल त्या खिडकीपुरताच. सगळे सेशन विंडोजच्या रजिस्ट्रीत, त्यामुळे मशीन बदललं की एक्स्पोर्टची वेगळी खटपट.

ओपनएसएसएचमध्ये हे सगळं कॉन्फिग नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतं. आयपीची ओळ बदलली, फाइल सेव्ह केली, ‘एसएसएच टेस्ट’ टाइप केलं (टेस्ट हे फाइलमध्ये सर्व्हरला दिलेलं नाव), आत. तीच फाइल व्हीएस कोड वाचतं, गिट वाचतं, फाइली पाठवणारं एससीपी वाचतं. पीपीकेचं पुटीजेनमधून (पुटीच्या की बनवणाऱ्या प्रोग्राममधून) रूपांतर करत बसावं लागत नाही.

कुरबुरी इथंही आहेत. की फाइल डी ड्राइव्हवर ठेवलीत तर ‘परवानग्या फार मोकळ्या आहेत’ म्हणून ती नाकारली जाते. युजर फोल्डरमधल्या एसएसएच फोल्डरमध्ये हलवली की बहुधा तक्रार मिटते. एजंटची, म्हणजे की सांभाळून ठेवणाऱ्या प्रोग्रामची, सर्व्हिस मुळात बंद असते, ती चालू करायला ॲडमिनचे अधिकार लागतात. पण एकदा त्यात की घातली की मशीन रीस्टार्ट केल्यावरही ती टिकते. पुटीच्या एजंटला, म्हणजे पेजंटला, मात्र दर वेळी नव्याने द्यावी लागते.

राउटरला सिरियल केबल लावायची असेल तर मात्र पुटीच घ्या, विंडोजचं एसएसएच तिथं कामाचं नाही. ऑफिसने मशीन इतकं आवळून ठेवलं असेल की काही इन्स्टॉलच करता येत नाही, आणि विंडोजही जुनं असेल, तर पुटीची ती एकच एक्झी पुष्कळ झाली. सर्व्हर एकच असेल आणि त्याचा आयपी कायमचा असेल, तर हाताची सवय मोडायचंही कारण दिसत नाही. पण तीन-चार सर्व्हर झाले, त्यातले काही रोज चालू-बंद होणारे असले, तर माझ्या मते कॉन्फिग फाइल लिहायला घ्यावी. नवी की बनवताना पेम निवडा. उद्या पुटी लागलंच तर पुटीजेन त्यावरून पीपीके करून देतं.