मागून येणारा झोत आणि गाडीतला आरसा: साधाच ठेवावा की आपोआप मंदावणारा बसवावा?

गाडीतला साधा आरसा काढून त्याच्या जागी आपोआप मंदावणारा आरसा बसवावा का, हे ठरवण्याआधी प्रत्येकाने एक गोष्ट तपासून घ्यावी. रात्री आपले डोळे दिपतात ते समोरच्या उजेडाने की मागच्या? गोव्यात साखळीहून चोर्ला घाटाने बेळगावला जाणाऱ्या किंवा मोल्याहून अनमोड घाट चढणाऱ्या माणसाला खरा त्रास होतो तो वळणावर अचानक समोर येणाऱ्या ट्रकच्या अप्परचा, आणि त्यावर आतला कोणताही आरसा उपाय नाही. याउलट राष्ट्रीय महामार्ग ६६ वर पणजीपासून बांबोळी आणि झुआरी पुलावरून वेर्ण्यापर्यंत दुभाजकामुळे समोरची वाहने बाजूला राहतात, आणि मागून येणारी एखादी उंच गाडी मात्र डिपर न देता कितीतरी वेळ पाठीशी लागून राहते. डिसेंबर २०२३ पासून झुआरी पूल आठही पदरी खुला झाल्यावर वेग वाढला आणि हा त्रासही वाढला, असा माझा अनुभव आहे. मी वेर्ण्याला दुसऱ्या पाळीत काम करतो आणि रात्री उशिरा म्हापशाला परततो. त्यामुळे पुढचा आढावा मुख्यतः ज्यांना मागच्या उजेडाने हैराण केले आहे त्यांच्यासाठी आहे.

सुरुवात हाती असलेल्या वस्तूपासून करायला हवी, कारण तिचे गुण पुष्कळांना ठाऊकच नसतात. बहुतेक गाड्यांत आतल्या आरशाखाली एक छोटा खटका असतो. त्या आरशाची काच पाचरीसारखी, म्हणजे एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ असते, आणि तिच्या पाठीला चकचकीत मुलामा दिलेला असतो. खटका ओढला की या मुलाम्यावरून परतणारा उजेड छताकडे वळतो आणि डोळ्यांपर्यंत केवळ काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून परतलेला, साधारण ४ टक्के उजेड पोहोचतो. यात वायर नाही, सर्किट नाही, बिघडण्यासारखे काहीच नाही. महिन्यातून दोनचारदाच रात्री गाडी काढणाऱ्यांना एवढे पुरेसे आहे, आणि त्यांनी यावर एक रुपयाही खर्च करू नये असे मी आग्रहाने सांगेन.

या खटक्याची मर्यादा वेगळ्या ठिकाणी आहे. त्याला दोनच अवस्था माहीत आहेत, पूर्ण उजेड किंवा जवळजवळ अंधार. मागची प्रखर दिव्यांची गाडी निघून गेली आणि तिच्या जागी मंद दिव्याची जुनी स्कूटर आली, तर खटका ओढलेल्या आरशात ती स्कूटर असून नसल्यासारखी होते. गोव्यात रात्रीच्या रस्त्यावर दुचाकी किती असतात हे येथील वाहनचालकाला सांगायला नको. डावीकडे वळण्यापूर्वी आरशात पाहिले आणि काहीच दिसले नाही, म्हणून स्टिअरिंग फिरवले, आणि शेजारून हॉर्न वाजला, असे माझ्या बाबतीत दोनदा घडले. दोन्ही वेळा आरसा रात्रीच्या अवस्थेत होता. मी दुसरा पर्याय शोधू लागलो तो यामुळे, केवळ डोळ्यांच्या सोयीसाठी नव्हे.

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे मूळ आरशावर क्लिपने अडकवायचा निळसर, रुंद आरसा. काही शे रुपयांत तो मिळतो आणि पाच मिनिटांत बसतो, पण मी तो कोणालाही सुचवणार नाही. त्याची निळी छटा कायमची असते, म्हणजे झोत असो वा नसो, चित्र सदैव मंदच राहते. काच बहिर्वक्र असेल तर मागचे वाहन असते त्याहून लहान आणि लांब दिसते. शिवाय तो अडकवल्यावर मूळ खटका निरुपयोगी होतो, कारण खटका ओढला की हा वरचा आरसाच छताकडे झुकतो. त्याच्या वजनाने मूळ आरसा खड्ड्यांवर थरथरतो, तो त्रास निराळाच. मागच्या काचेवर गडद फिल्म लावून झोत अडवण्याचा सल्लाही काही जण देतात. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार जायला हवा, आणि रात्री पावसात गाडी मागे घेताना ती फिल्म आपल्याच वाटेत येते.

आता आपोआप मंदावणारा आरसा. जेन्टेक्स या अमेरिकी कंपनीने १९८७ मध्ये तो बाजारात आणला, आणि त्याचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. दोन पातळ काचांच्या मध्ये एक विशिष्ट जेल भरलेले असते, आणि त्या काचांना आतून वीज वाहणारा पारदर्शक थर दिलेला असतो. आरशाच्या पाठीवर, म्हणजे रस्त्याकडे तोंड करून, एक प्रकाश-सेन्सर असतो आणि चालकाकडच्या बाजूला दुसरा. पाठीवरचा सेन्सर बाहेर रात्र आहे की दिवस हे ओळखतो, तर दुसरा मागून येणारा झोत मोजतो. बाहेर अंधार आणि मागून प्रखर उजेड असे जुळले की जेलला अगदी अल्प वीजदाब मिळतो आणि ते गडद होते. झोत सरला की वीजदाब थांबतो आणि काच पुन्हा स्वच्छ होते. महत्त्वाचे हे की काच जेवढी गरज तेवढीच गडद होते. मागची मोठी गाडी पुढे गेली की काही सेकंदांत मागच्या स्कूटरचा दिवा पुन्हा दिसू लागतो. फ्यूज उडाला किंवा वायर तुटली तरी काच स्वच्छच राहते. साधा आरसा म्हणून ती काम देते, पण खटका नसल्यामुळे तेवढ्यापुरता मंद करण्याचा मार्ग उरत नाही.

हा आरसा घ्यायचा तर दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटमध्ये येणारा मूळ आरसा सुटा भाग म्हणून मागवणे. तो पुढच्या काचेला चिकटवलेल्या बटणावर, म्हणजे आरसा अडकवायच्या छोट्या तुकड्यावर, नेमका बसतो, त्याचे आवरण जुळते, आणि काही मॉडेलांत खालच्या व्हेरियंटच्या छतातही त्याचा कपलर, म्हणजे वायर जोडायचा प्लग, आधीच सोडलेला असतो. तो असेल तर मूळ वायरिंगला कात्री लावावी लागत नाही, आणि वॉरंटीच्या मुदतीतल्या गाडीसाठी हा मुद्दा पैशांपेक्षा मोठा आहे. दुसरी वाट म्हणजे सर्व गाड्यांना चालणारा म्हणून विकला जाणारा आरसा. त्यात कंपास, तापमान वगैरे जास्तीच्या सोयी असतात, पण बटणाचा आकार जुळला नाही तर दुकानदार जुने बटण खरवडून नवे चिकटवतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत ते चिकटवलेले बटण सुटण्याची भीती राहते. मला विचाराल तर पहिली वाट थोडी महाग पडली तरी तीच धरावी. वापरलेला आरसा स्वस्तात मिळत असेल तर त्याच्या कडा उजेडात धरून पाहाव्यात. पिवळेपणा, बुडबुडे किंवा ओलसर डाग दिसल्यास तो घेऊ नये, कारण गळलेले जेल डॅशबोर्डच्या प्लास्टिकची कायमची खराबी करते.

माझा पहिला अनुभव दुसऱ्या वाटेचा होता, आणि तो मुद्दाम सांगतो. एका दुकानात अर्ध्या तासात आरसा बसला. कारागिराने वीज घेतली ती छतातल्या दिव्याच्या कायम चालू असणाऱ्या वायरीतून, जोड दिला तो वायर पिळून वर टेप गुंडाळून, आणि आरशाची रिव्हर्स दिव्याला जोडायची वायर न जोडता गुंडाळून तशीच आवरणात कोंबली. पहिल्याच पावसाळ्यात छतातला दिवा लुकलुकू लागला. लायनिंग खाली घेतले तेव्हा टेप चिकट होऊन सुटली होती आणि तांब्याच्या तारांवर हिरवा थर चढला होता. समुद्रावरची खारी, दमट हवा अशा उघड्या जोडाला एक हंगामही टिकू देत नाही.

रिव्हर्सच्या वायरीचे महत्त्व तर मला त्याआधीच कळले होते. आमच्या वाड्यातली वाट दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांच्या गडग्यांमधून जाते आणि गाडी मागे घेऊनच आत न्यावी लागते. रिव्हर्स टाकला की गाडीचाच पांढरा दिवा मागच्या गडग्यावर पडून परत आरशात येई, चालकाकडच्या सेन्सरला तो झोत वाटे, आणि जेव्हा नीट दिसण्याची सर्वाधिक गरज तेव्हाच काच काळवंडे. ती एक वायर रिव्हर्स दिव्याच्या वायरीला जोडली की गिअर टाकताच आरसा स्वच्छ होतो. हे काम वेळखाऊ असते म्हणून ते टाळले जाते, आणि ग्राहकाला त्याची कल्पनाही नसते.

म्हणून बसवून घेताना आरशाच्या निवडीइतकेच लक्ष वायरिंगकडे द्यावे. वीज इग्निशन सुरू असतानाच मिळणाऱ्या फ्यूजमधून, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जास्तीची वायर काढून देणारा जोड) वापरून आणि लहान क्षमतेचा स्वतंत्र फ्यूज घालून घ्यावी. कायम चालू वायरीवर आरसा ठेवला तर आठवडाभर विमानतळावर उभी राहिलेली गाडी बॅटरी उतरलेल्या स्थितीत मिळू शकते. जोड डाख देऊन त्यावर हीट-श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी, नळी चढवावी. गाडीला कर्टन एअरबॅग, म्हणजे बाजूच्या खिडक्यांवर छतातून उघडणारी एअरबॅग, असेल तर पुढच्या काचेशेजारच्या खांबातून वायर एअरबॅगच्या मागून न्यावी, पुढून आडवी कदापि नको, आणि कारागिराला हे कळत नसेल तर काम तिथेच थांबवावे. जुना आरसा काही गाड्यांत सरकवून तर काही गाड्यांत फिरवून निघतो. उलट्या दिशेने जोर दिल्यास पुढची काच तडकू शकते. पाठीवरच्या सेन्सरसमोर फास्टॅग, डॅशकॅम किंवा देवाचे स्टिकर येऊ देऊ नये, नाहीतर आरशाला भर दुपारीही रात्रच वाटते.

स्क्रीन असलेल्या कॅमेरा-आरशाबद्दल थोडक्यातच लिहितो. मागच्या सीटवर माणसे आणि सामान खच्चून भरलेले असतानाही त्यात मागचे दिसते, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु साध्या आरशातले चित्र दूर असल्यासारखे डोळा पाहतो, तर स्क्रीन हातभर अंतरावर असते. चाळिशी लागलेल्या माणसाला रस्त्यावरून स्क्रीनवर नजर आणताना दर वेळी जुळवून घ्यावे लागते. आणि जूनपासून चार महिने मागच्या कॅमेऱ्यावर चिखलपाणी उडत राहते. माल किंवा प्रवासी नेणाऱ्यांनी त्याचा विचार करावा, इतरांनी नाही.

आणखी एक अपेक्षा आधीच आवरलेली बरी. आतला आरसा बदलला तरी बाहेरचे दोन्ही आरसे जसेच्या तसे राहतात, आणि त्यांतून येणारा झोत कमी होत नाही. ते थोडे बाहेरच्या बाजूला वळवून ठेवले तर तो डोळ्यांत थेट येत नाही आणि शेजारची पट्टीही अधिक दिसते.

आठवड्यातून तीन-चार रात्री महामार्गावर असणाऱ्याने वरच्या व्हेरियंटचा मूळ आरसा घ्यावा, आणि दुकानातून निघण्यापूर्वी एक चाचणी करावी. इग्निशन सुरू करून पाठीवरचा सेन्सर अंगठ्याने झाकावा आणि मोबाइलची बॅटरी चालकाकडच्या सेन्सरवर मारावी. काच कडेपासून हळूहळू निळसर-हिरवी होत गडद झाली पाहिजे. मग अंगठा आणि उजेड तसाच ठेवून दुसऱ्या माणसाला रिव्हर्स टाकायला सांगावे; काच स्वच्छ होऊ लागली नाही, तर ती वायर जोडून होईपर्यंत पैसे देऊ नयेत.