सॅन स्टॉर्मला एस्टीमचे इंजिन : जळगावच्या एका गॅरेजचा अनुभव आणि खर्चाचा हिशेब

माझ्याकडे २००३ मध्ये नोंदणी झालेली सॅन स्टॉर्म आहे. गोव्यात तयार झालेली, दोनच आसनांची, फायबरच्या बॉडीची आणि कापडी हूडची ही गाडी मी दोन वर्षांपूर्वी जुनी विकत घेतली. तिला रेनोचे ११४९ सीसीचे, ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आहे. गेल्या हिवाळ्यात चाळीसगावहून कन्नड घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये तिचा दम सुटू लागला, सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला आणि या इंजिनाचे सुटे भाग आपल्या बाजारात मिळणे किती अवघड आहे हेही कळले. तेव्हा मारुती एस्टीमचे १३०० सीसीचे, ८५ अश्वशक्तीचे इंजिन बसवायचे मी जवळजवळ ठरवून टाकले होते.

दोन ठिकाणी मला तोंडी ‘साठ-सत्तर हजारांत होऊन जाईल’ असे सांगण्यात आले. जळगावच्या अजिंठा चौफुलीजवळच्या गॅरेजमधील वयस्कर मिस्तरींनी मात्र आकडा सांगण्याआधी गाडी रॅम्पवर घेतली, अर्धा दिवस मापे घेतली आणि संध्याकाळी वहीच्या पानावर बाबवार अंदाजपत्रक लिहून दिले. गिअरबॉक्ससह वापरलेले इंजिन ३२,००० रुपये, इंजिन टेकवण्याचे नवे माउंटिंग तयार करणे १२,०००, दोन्ही अ‍ॅक्सल १६,०००, ईसीएम (इंजिनाचा नियंत्रक संगणक) आणि वायरिंग १८,०००, रेडिएटर व होज पाइप ९,०००, सायलेन्सरची लाइन ९,५००, क्लच, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि ऑईल सील १४,५००, मजुरी ४०,०००. बेरीज १,५१,००० रुपये, म्हणजे इंजिनाच्या किमतीच्या जवळजवळ पावणेपाच पट. पान माझ्या हातात देताना ते एवढेच म्हणाले, “भाऊ, इंजिन स्वस्त शे, ते बसाडानं काम महाग शे.”

प्रत्येक रकमेमागचे कारणही त्यांनी गाडीखाली उभे राहून दाखवले, आणि याचे मला विशेष मोल वाटते. एस्टीमच्या गिअरबॉक्समध्ये बसणारा अ‍ॅक्सलचा आतला सांधा एस्टीमचा लागतो, तर चाकाकडचा सांधा स्टॉर्मचाच ठेवावा लागतो. त्यामुळे मधला दांडा योग्य लांबीचा आणि दोन्ही टोकांना वेगवेगळ्या खाचांचा नव्याने करून घ्यावा लागतो. जुने दोन दांडे कापून वेल्डिंगने जोडण्याचा स्वस्त मार्ग त्यांनी साफ नाकारला, कारण भर वेगात असा जोड तुटला तर गाडी हातात राहत नाही. जुना ईसीएम नव्या इंजिनाचे सेन्सर ओळखत नसल्याने एस्टीमचा ईसीएम त्याच्या संपूर्ण वायरिंगसह घ्यावा लागतो. फायबरच्या बॉडीजवळ वेल्डिंग करायचे म्हणजे ओली गोणपाटे लावून थोडे थोडे काम करावे लागते. मजुरी वाढण्याचे तेही एक कारण. मोठा रेडिएटर तर आपल्याकडे टाळताच येत नाही, कारण मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो.

याहून महत्त्वाची गोष्ट त्यांनी पैशांच्या आधी सांगितली होती. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवले की आरसी बुकावरचा इंजिन क्रमांक जुळत नाही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला दावा नाकारण्याचे कारण आयते मिळते. ‘आधी आरटीओत विचारून या, मग बयाणा द्या,’ असे सांगणारे गॅरेज मला तोवर भेटले नव्हते.

तेव्हा इंजिन बदलण्याचा विचार बाजूला ठेवून त्यांनी मूळ इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासले. चारपैकी तीन सिलिंडर १५० ते १६५ पौंडांच्या दरम्यान होते, तिसऱ्या क्रमांकाचा मात्र १०५ वर अडकला. त्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून त्यांनी पुन्हा स्टार्टर मारायला सांगितले, तेव्हा काटा १४० वर गेला. ऑईलने फट बुजून दाब वाढतो, म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नसून पिस्टन रिंगांचा आहे, हे त्यांनी मला काटा दाखवत समजावले. हे इंजिन परदेशात रेनोच्या क्लिओ आणि ट्विंगो या गाड्यांमध्येही बसवले गेले असल्यामुळे रिंगा, बेअरिंग आणि गॅस्केटचा संच बाहेरून मागवता आला. कुरिअर आणि सीमाशुल्क धरून त्याचे ३१,००० रुपये झाले. होनिंग (सिलिंडर आतून घासणे) आणि हेड फेसिंगला (हेडचा पृष्ठभाग सपाट करणे) ९,५००, मजुरीला १८,००० आणि ऑईल-कूलंटला ४,२०० रुपये लागले. सांगितलेल्या ५८,००० ऐवजी बिल ६२,७०० रुपयांचे झाले. पण वाढीव रकमेसाठी आधी फोन करून माझी संमती घेतली होती आणि काढलेले सगळे जुने भाग पिशवीत भरून परत दिले.

माझ्या दोन तक्रारी आहेत. तीन आठवड्यांचे काम सात आठवडे चालले. पार्सल अडकले होते हे मान्य केले, तरी त्याची चौकशी दर वेळी मलाच करावी लागली. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. एप्रिलच्या उन्हात गाडी अंगणात उघडी उभी राहिल्याने हुडाचे कापड शिवणीपाशी तडकले आणि त्याचा खर्च मलाच करावा लागला. येथे गाडी ठेवणाऱ्याने स्वतःचे कव्हर सोबत न्यावे.

१,००० किलोमीटरनंतर ऑईल बदलायला गेलो, तेव्हा त्यांनी मी न सांगताच कॉम्प्रेशन पुन्हा मोजले आणि आकडे वहीतील त्याच पानावर लिहून दिले : १७०, १७०, १६५, १७०. त्या दिवशी परतताना चाळीसगावला न थांबता मी सरळ कन्नड घाटात गेलो, आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये माथ्यापर्यंत चढली.