सेपरेशननंतर घटस्फोट, तोही वकिलाशिवाय: १३(१-अ) की म्युच्युअल?

ज्युडिशियल सेपरेशनचा, म्हणजे लग्न न मोडता वेगळं राहण्याचा, कोर्टाचा हुकूमनामा हातात आहे, वर्ष उलटलंय आणि आता एकदाचा सोक्षमोक्ष लावायचाय, अशांसाठी हे लिहितोय. वर्ष झालं की सेपरेशनचा आपोआप घटस्फोट होतो, असं नात्यातलं कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच. तसं काही होत नाही. नवा अर्ज करावाच लागतो. तोवर तुम्ही कायद्याने नवरा-बायकोच. दुसरं लग्न करता येत नाही आणि मृत्युपत्र नसेल तर एकमेकांचे वारसही राहता.

वाटा दोन आहेत. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३(१-अ) म्हणतं की, सेपरेशनच्या हुकूमनाम्यानंतर वर्षभर किंवा जास्त काळ एकत्र राहणं सुरू झालं नसेल, तर दोघांपैकी कुणीही एकट्याने अर्ज करू शकतो. सेपरेशन ज्याच्या विरोधात झालं तोसुद्धा. दुसरी वाट १३-ब, म्हणजे म्युच्युअल: दोघांच्या संमतीने घटस्फोट. लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर हीच कलमं २७(२) आणि २८ म्हणून शोधा.

वकील न घेण्याच्या बाबतीत मला दोन्हींत फरक दिसला नाही. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्कच नाही, कोर्टाने मुभा दिली तर देता येतो. प्रत्यक्षात व्हरांड्यात काळे कोटच जास्त दिसतात, पण स्वतः उभं राहिलेल्या माणसाला कुणी हटकत नाही. उलट त्याच्याशी जरा सावकाश बोलतात, असा निदान माझा तरी अनुभव आहे.

कागदावर म्युच्युअलच उजवं. आरोप नाहीत, उलटतपास नाही. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबण्याची अट सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१७ च्या निकालामुळे माफ होऊ शकते. त्यासाठी पहिल्या अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं असावं लागतं, समेटाचे प्रयत्न संपलेले आणि पोटगी, ताबा वगैरे मिटलेलं असावं लागतं. सेपरेशन झालेल्यांचं हे बहुतेक वेळा झालेलंच असतं. शिवाय संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही. त्यामुळे ज्याला विचाराल तो म्युच्युअलच सांगेल. आम्हीही आधी तिकडेच निघालो होतो.

अडलं ते सहमतीच्या अटींवर. पोटगी, मुलीचा ताबा, दागिने हे सगळं सेपरेशनच्या वेळीच ठरलं होतं. पण म्युच्युअलसाठी अटी नव्याने लिहायला बसलो आणि कोरा कागद दिसताच दोन्ही घरांतल्या वडीलधाऱ्यांना कंठ फुटला. पहिला मसुदा पितळी पराती आणि तांब्याच्या बंबावरून परत आला. बंब दिला, तर पुढच्या मसुद्यात दिवाळसणाच्या अंगठीचा विषय निघाला, जी मी कुठे ठेवलीय हे मलाही आठवत नव्हतं. दर वेळी नवं टायपिंग, पानापानावर दोघांच्या सह्या, त्यासाठी बायकोची रजा. आम्ही दोघं एकमेकांशी बरे होतो, पण मसुदा फिरून आला की चार दिवस फोन बंद. आणि एवढं करून पहिली तारीख पार पडली, तरी अंतिम हुकूम होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच तसं सांगितलंय. पहिल्या आणि दुसऱ्या तारखेच्या मध्ये एखादं घरचं लग्नकार्य आलं की काय होईल, याची खात्री कोण देणार?

१३(१-अ) मध्ये हे उकरून काढायला जागाच कमी. जुना छळ, जुनं सोडून जाणं पुन्हा शाबीत करायचं नसतं. हुकूमनामा झाला, वर्ष गेलं, एकत्र राहिलो नाही, मुद्दा एवढाच. माझा अर्ज त्यामुळे अगदी आटोपशीर झाला: लग्नाची तारीख-ठिकाण, जुन्या खटल्याचा नंबर, हे कोर्ट का, आणि दोघांचं संगनमत नाही हे एक वाक्य, जे कलम २० प्रमाणे लिहावंच लागतं. सोबत शपथपत्र आणि हुकूमनाम्याची सर्टिफाइड कॉपी. झेरॉक्सवर विसंबू नका. नकलेचा अर्ज सगळ्यात आधी टाका, कारण बाकीचे कागद तयार होऊन त्या नकलेसाठी खोळंबतात. समन्सचा पत्ता मजल्या-दारासकट द्या, नाहीतर बेलिफ हात हलवत परत येतो आणि तुम्हाला पुढची तारीख मिळते. समुपदेशकाकडे पाठवतातच. आमच्या बाईंनी जुना हुकूमनामा वाचला, 'पुन्हा एकत्र राहायचंय का?' एवढं दोघांना वेगवेगळं विचारलं आणि अहवाल लिहायला घेतला.

अर्थात, समोरची व्यक्ती विरोध करणार नाही हे मला माहीत होतं. ती भांडायला उभी राहिली तर एकट्याने उलटतपास निभावणं अवघड. तेव्हा वकील बघावा. बायकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. दुसरं असं की, १३(१-अ) खाली मिळालेल्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्यावर अपील होऊ शकतं, म्हणून ते ९० दिवस जाईपर्यंत लग्न करता येत नाही. कुणाचं पुढचं लग्न ठरत आलं असेल, आणि दोन्हीकडचे वडीलधारे मसुद्यापासून लांब राहणारे असतील, तर म्युच्युअल खुशाल करावं. बाकीच्यांना मी तरी आधी १३(१-अ) बघा म्हणेन.

फक्त पोटगीचं बघून घ्या. कलम २३ प्रमाणे स्वतःच्या गैरवर्तनाचा फायदा घेऊन घटस्फोट मागता येत नाही. नुसतं परत नांदायला न जाणं हे तसं गैरवर्तन नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटलंय. पण २००१ च्या निकालात ज्या नवऱ्याने कोर्टाने ठरवलेली पोटगीच दिली नव्हती आणि ज्याचे बाहेरचे संबंध चालूच होते, त्याला याच कलमाखाली घटस्फोट नाकारलाय. थकबाकी असेल तर आधी भरा, बँकेच्या नोंदी अर्जाला जोडा आणि मगच अर्ज दाखल करून नंबर पाडून घ्या.