फॉल्स चर्चच्या सरकारी शाळा : दीड वर्षानंतरचा अनुभव

वॉशिंग्टनच्या पश्चिमेला व्हर्जिनिया राज्यात फॉल्स चर्च हे जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे शहर आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १४,६५८ होती. १९४८ मध्ये ते फेअरफॅक्स काउंटीपासून स्वतंत्र झाले आणि पुढच्याच वर्षी त्याने स्वतःची शालेय व्यवस्था उभी केली. दीड वर्षापूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही येथे राहायला आलो, तेव्हा मुलगी तिसरीत आणि मुलगा किंडरगार्टनमध्ये दाखल झाला. येथे घर शोधणाऱ्या मराठी पालकांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलली जाते हे विचारणारा अर्ज भरावा लागतो. आधी आम्ही दुसऱ्या राज्यात होतो. तेथील परिचितांच्या सल्ल्यावरून आम्ही या प्रश्नापुढे ‘इंग्रजी’ लिहिले होते, आणि त्यामुळे मुलीला मिळू शकणारी मदत वर्षभर मिळालीच नाही. येथे आम्ही ‘मराठी’ असे खरे लिहिले. तिची इंग्रजीची चाचणी झाली, भाषेच्या स्वतंत्र शिक्षिका मिळाल्या, आणि आता ती वर्गात आपणहून बोलते. मुलावर वेगळा शिक्का बसेल या भीतीने अनेक पालक मराठी लपवतात. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे की त्यांनी तसे करू नये.

येथील सर्व शाळा इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, म्हणजे आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या चौकटीत चालतात, आणि माझ्या मते या व्यवस्थेचे खरे बळ तेच आहे. प्राथमिक वर्गांत पीवायपी (प्रायमरी इयर्स प्रोग्रॅम), सहावी ते दहावी एमवायपी (मिडल इयर्स प्रोग्रॅम) आणि शेवटची दोन वर्षे डिप्लोमा, अशी एकच विचारपद्धती मुलासोबत वर चढत जाते. पीवायपीमध्ये विषय सुटे सुटे न शिकवता एका मोठ्या प्रश्नाभोवती गुंफले जातात. वस्तू बाजारापर्यंत कशा पोहोचतात हा प्रश्न वर्गात आला, तेव्हा मुलीने सांगलीच्या आजीला फोन केला. हळद हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांमध्ये कशी साठवली जात असे, पेवात उतरण्यापूर्वी आत हवा खेळू देणे का आवश्यक असते, आणि २००५ च्या महापुरात त्या पेवांचे किती नुकसान झाले, हे आजीने तिला तासभर समजावले. मुलीने पेवाचे चित्र काढून त्यावर ‘पेव’ असे देवनागरीत आणि खाली इंग्रजीत वर्णन लिहिले, व तो तक्ता वर्गाच्या भिंतीवर लागला. रविवारच्या मराठी शाळेत बसायला कुरकुरणारी ही मुलगी त्या आठवड्यापासून न सांगता देवनागरी गिरवू लागली.

गुणांची सवय असलेल्या आपल्यासारख्या पालकांना प्रगतिपुस्तक मात्र आरंभी अपुरे वाटते, कारण त्यात टक्केवारी किंवा क्रमांक नसतो. तिसरीपासून वाचन आणि गणिताची एसओएल ही राज्याची परीक्षा होते. आकडा हवा असेल तर तो तेथे मिळतो.

व्हर्जिनियात शालेय मंडळाला कर लावण्याचा अधिकार नाही. येथील सात सदस्यांचे निर्वाचित मंडळ अंदाजपत्रक मांडते, नगर परिषद पैसे मंजूर करते, आणि त्यांतील मोठा भाग मालमत्ता करातून येतो. २०१७ मध्ये मतदारांनी नव्या हायस्कूलसाठी १२ कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. ती इमारत २०२१ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी जॉर्ज मेसन हे जुने नाव जाऊन मेरिडियन हे नाव आले. मिडल स्कूलला मेरी एलन हेंडरसन यांचे नाव आहे. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय मुलांना शिकवणाऱ्या या शिक्षिकेने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळांवरील खर्चातील तफावत आकड्यांनिशी मांडली होती. मुले ज्या नावाच्या शाळेत जाणार आहेत, ते नाव कोणाचे हे त्यांना घरीच सांगावे, असे मला मनापासून वाटते.

अडचणी दोन आहेत. घरभाडे फार आहे, आणि शहर लहान असल्यामुळे परवडणारे घर हद्दीत मिळणे कठीण जाते. दुसरे असे की शाळा इयत्तांनुसार विभागलेल्या आहेत. दुसरीपर्यंत माउंट डॅनियल, तिसरी ते पाचवी ओक स्ट्रीट, त्यामुळे आमची दोन मुले दोन इमारतींत जातात, आणि माउंट डॅनियल तर शहराच्या हद्दीबाहेर आहे. सकाळचे वेळापत्रक त्यानुसारच आखावे लागते.

हायस्कूलचा अनुभव आम्हांला अजून नाही. तेथे आयबी डिप्लोमा १९८१ पासून आहे. मातृभाषेतील साहित्य स्वयंअध्ययनाने अभ्यासण्याची तरतूद त्या अभ्यासक्रमात असते, म्हणून मोठ्या मुलांच्या पालकांनी मराठीविषयी शाळेकडे लवकर चौकशी करावी. आमचा भाडेकरार या जूनमध्ये संपत होता. पाचवीच्या वर्षी मुले स्वतः प्रश्न निवडून पीवायपीचे प्रदर्शन मांडतात. मुलीचे ते प्रदर्शन होईपर्यंत आम्ही करार वाढवून घेतला आहे.