‘रात्रीस खेळ चाले’: आधी पहिलं पर्व बघावं की दुसरं?

कोकणातल्या नाईक कुटुंबाच्या वाड्यात घडणारी ही भयमालिका नव्याने बघायला घेणाऱ्या प्रत्येकापुढे एकच पेच असतो. झी मराठीवर पहिलं पर्व २०१६ साली आलं, दुसरं २०१९ मध्ये आणि तिसरं २०२१ मध्ये. पण गोष्टीचा काळ धरला तर दुसरं पर्व आधीचं. पहिल्याची सुरुवातच घरातले कर्ते अण्णा नाईक यांच्या मृत्यूने होते आणि दुसऱ्यात अण्णा जिवंत असतानाचे दिवस दिसतात. त्यामुळे ‘घडलं त्या क्रमाने बघूया’ म्हणून बरेच जण थेट दुसऱ्या पर्वापासून सुरुवात करतात. अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता यांची जोडी गाजलीही तिथेच, म्हणून तो मोह आणखी वाढतो.

माझं मत मात्र ठाम आहे. आधी पहिलंच बघा.

कारण माई, अण्णांची बायको. शकुंतला नरे यांनी उभी केलेली ही बाई म्हणजे माझ्या मते तिन्ही पर्वांचा कणा. पहिल्या पर्वात ती नवऱ्याच्या मागे रडते, त्याच्या आठवणीने कासावीस होते, आणि आपणही तिच्या दुःखात सामील होतो. मग दुसऱ्या पर्वात तो नवरा तिच्याशी कसा वागायचा ते एकेक करून समोर येतं, आणि पहिल्यातलं ते रडणं पुन्हा आठवून पोटात कालवतं. हाच क्रम उलटा केलात तर पहिल्या पर्वातली माई तुम्हाला नुसती भाबडी वाटेल. ती भाबडी नाही. अख्खं घर तिने पदराआड सांभाळलेलं आहे.

पहिल्या पर्वाचं दुसरं बळ म्हणजे वाडा. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा मालिकेमुळे इतका ओळखीचा झाला की लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. अण्णा गेलेत, तरी त्या घरातलं एकही माणूस त्यांच्या धाकातून सुटलेलं नाही. मुंबईहून आलेला थोरला माधव, गावात राहून सगळं ओढणारा दत्ता, माहेरी असलेली छाया, दागिन्यांवर डोळा ठेवून असलेली दत्ताची बायको सरिता. कोकणात ज्याचं सामायिक घर आहे त्याला हे चेहरे परके वाटणार नाहीत. सातबाऱ्यावर नावांची रांग, मुंबईकरांचा हिस्सा, राबणाऱ्याचा हिस्सा, आणि हा विषय नेमका घरात कोणी गेलं की निघायचा. मला पहिल्या पर्वात भीती वाटली ती दाराच्या करकरण्याची कमी आणि भावाभावांतल्या अबोल्याची जास्त. सुहास शिरसाट यांचा दत्ता बोलता बोलता मध्येच गप्प होतो, ते बघा. कष्ट करूनही ज्याला कोणी मोजत नाही अशा माणसाचं ते गप्प होणं आहे.

आणि पांडू! प्रल्हाद कुडतरकर यांचा ‘इसारलंय’ (विसरलोय) म्हणणारा नाईकांचा घरगडी पांडू याच पर्वातून घरोघरी पोचला. कुडतरकर या मालिकेच्या लेखनातही होते, म्हणूनच बहुधा पांडूची मालवणी कुठेच उसनी वाटत नाही.

पहिलं पर्व सुरू झालं तेव्हा कोकणाची बदनामी होते म्हणून इथे कोकणात विरोधही झाला होता. तो राग मला कळतो. राखणदाराला नारळ ठेवणारं गाव म्हणजे भुताखेतांचं गाव नव्हे. पण त्याच पर्वात प्रत्येक गोष्टीला कारण विचारणारी नीलिमा आहे. प्राची सुखटणकर यांनी तिला कुठेही शिष्ट होऊ दिलेलं नाही. घरातली एक शिकलेली सून आणि बाकीच्यांचा समज यांतली ओढाताण मालिकेने शेवटपर्यंत जपली, याचं श्रेय द्यायला हवं.

आता दुसरं पर्व. अभिनय बघायचा असेल तर हेच सरस, यात वाद नाही. माधव अभ्यंकर यांचे अण्णा नुसते पानाचा तोबरा भरून ओट्यावर बसले तरी समोरचा चुळबुळायला लागतो. अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता तर मराठी मालिकांतल्या ‘दुसऱ्या बाई’पेक्षा फार वेगळी. तिला हौस आहे, हिशोब आहे, आणि आपण फसत चाललोय हे कळण्याइतकी अक्कलही. लोक तिच्या नटण्यामुरडण्यावर बोलत राहिले. मला ती एकटी असतानाचे प्रसंग जास्त आवडतात. संजीवनी पाटील यांची वच्छीही विसरण्यासारखी नाही. ती तळतळून बोलायला लागली की अंगावर काटा येतो.

पण हे पर्व लांबलं. पहिलं आठ महिन्यांत आटोपलं, तर दुसरं २०१९ च्या जानेवारीपासून २०२० च्या ऑगस्टपर्यंत, टाळेबंदीचा खंड धरून, चाललं. मधले काही आठवडे कथा जागची हलत नाही. शिवाय अण्णांचा बायका-मुलांवरचा जाच सतत समोर असतो. घरात लहान मुलं असतील तर पहिलं पर्व सोबत बसून बघता येईल, दुसरं मुलं झोपल्यावर.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात. पडझड झालेल्या वाड्यातली म्हातारी माई बघण्यासारखी आहे, तेवढ्यासाठी सुरुवातीचे भाग बघावेत. पुढे शेवंताच्या भूमिकेत कृतिका तुळसकर आल्या. त्यांनी मेहनत घेतली, पण अण्णा-शेवंताची भुतं वारंवार समोर आणल्यावर त्यांचा दरारा उरत नाही. पहिली दोन झाल्यावर वेळ असेल तरच याच्याकडे वळा.

भीतीचं अजिबात झेपत नसेल, आणि हवी असेल फक्त मालवणी बोली आणि इथली माणसं, तर २०१७ साली आलेली ‘गाव गाता गजाली’ घ्या. त्यातली पात्रं नाईकांच्या घराइतकी खोल नाहीत, पण गावगप्पांचा सूर अचूक आहे आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकत्र बघता येते. मुंबईत वाढलेल्या, मालवणी समजते पण बोलता येत नाही अशा पोरांना मी आधी हीच लावून देते. कान तयार झाले की मग नाईकांच्या वाड्यात, पहिल्या पर्वाच्या पहिल्या भागापासून.